बिनइंजिनाची गाडी

आमच्या घरमालकांइतका विजेवर विश्वास असलेला माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही, आणि त्यांच्या घरात वीज नव्हती. एकट्या त्यांच्या घराची ही गोष्ट नव्हे. कर्जतहून खोपोलीकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या आख्ख्या गावात त्या काळी वीज नव्हती. डोंगराच्या पायथ्याशी तयार होणारी वीज लोखंडी मनोऱ्यांवरून, आमच्या भाताच्या खाचरांवरून, कुणाकडं ढुंकूनही न बघता थेट मुंबईला जायची. मालकांचं एक खाचर तर अशा मनोऱ्याच्या चार पायांमध्येच होतं. संध्याकाळी ओट्यावर बसून कंदिलाची काच राखेनं पुसता पुसता ते वरच्या तारांची गुणगुण कान देऊन ऐकायचे आणि म्हणायचे, "मुंबईत पंखे लागले बघ." बोलण्यात तक्रारीचा सूर औषधालाही नसायचा. मोठ्या घरी दिलेली लेक, माहेरी येत नाही, पत्रसुद्धा धाडत नाही, पण सुखात आहे, अशा बापाच्या समाधानानं ते तारांकडं बघत.

मी मूळचा परांड्याकडचा. सातवीत शाळा सुटली आणि पोटामागं फिरत फिरत साजगावच्या एका कारखान्यात लागलो. इकडच्या मुलखात माझं कुणी नव्हतं. कोपऱ्यात उभं राहायची आणि कुणी जोरात हाक मारली की आधी माफी मागायची, एवढंच मला येत होतं. मालकांनी पडवी दिली ती माझं नाव विचारायच्या आधी, आणि नंतरही त्यांनी ते कधी वापरलं नाही. गावाच्या नावानंच हाक मारत, "काय रं परांडा". पहिल्याच वर्षी मला हिवताप आला तेव्हा त्यांच्या बायकोनं, म्हणजे मी ज्यांना काकी म्हणतो त्यांनी, पंधरा दिवस पेज पाजून मला उभा केला. आता ज्यांच्या घरी आपण असे जगलो त्यांच्याबद्दल माणसानं निर्धास्त असावं. मी उलट जास्तच घाबरायला लागलो. एवढं चांगलं आपल्या वाट्याला चुकूनच आलं असणार, आणि चूक कुणाच्या तरी लक्षात येणारच, असं वाटायचं. म्हणून माझी पत्र्याची पेटी कायम भरलेली असायची. रोज सकाळी सदरा काढायचा, संध्याकाळी पुन्हा घडी घालून आत.

मालक भिवपुरीच्या पॉवर हाऊसमध्ये बॅटरीच्या खोलीत तीस वर्षं होते. तिथं काचेच्या मोठाल्या भांड्यांत ॲसिड आणि त्यात शिशाच्या प्लेटा. त्यांना सेल म्हणतात. रोज प्रत्येक सेलात काचेची नळी बुडवायची, नळीतला तरंगता काटा किती वर राहतो ते बघायचं, तो आकडा, म्हणजे ग्रॅव्हिटी, वहीत लिहायचा, आणि पाणी कमी झालं असेल तर शुद्ध पाणी घालायचं. हे काम मालकांनी इतक्या निष्ठेनं केलं की पुढं त्यांना जगातला कुठलाच पातळ पदार्थ नळी न बुडवता बघवत नसे. एक नळी ते घरीही बाळगून होते. दूधवाला आला की नळी. तो काटा ॲसिडासाठी बनवलेला, दुधात तो सरळ तळाला जायचा. त्यामुळं मालकांच्या मते कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांत दूध नावाची वस्तू शिल्लक नव्हती, होतं ते पाणी. दूधवाला आईची शपथ घ्यायचा, म्हशीला साक्षीला आणतो म्हणायचा. मालक शांतपणे म्हणत, "तू खोटं बोलशील, म्हैस खोटं बोलंल, काटा नाय बोलनार." मात्र काकींच्या आमटीत काटा दिमाखात तरंगायचा. "फुल चार्ज," असं म्हणून ते ताटावर बसत. नवऱ्याच्या तोंडून आलेलं हेच काय ते कौतुक, असं काकी शेजारणींना सांगायच्या.

बॅटऱ्यांना पाणी घालायच्या या नोकरीनं त्यांच्या संसारात एक सल मात्र घातला होता. लग्नात, मांडवात, चारचौघांत खालापूरच्या सासऱ्यांनी विचारलं होतं की जावई नेमकं करतात काय. मालक खरं बोलणारे. म्हणाले, बॅटऱ्यांना पाणी घालतो. सासरे म्हणाले, "मंजे पाणक्या." मांडव हसला. मालकांनी अक्षता पडायच्या आत मनाशी ठरवून टाकलं की स्वतःच्या विजेवर या दारात येईन तेव्हाच या ओटीवर बसेन. तेव्हापासून तीस वर्षं ते सासुरवाडीला जात होते, नारळ देत होते, नमस्कार करत होते, आणि एस.टी.ची वेळ झाली असं सांगून अंगणातच उभे राहत होते. एस.टी. चार तासांनी असली तरी उभे. काकींचं आख्खं माहेरपण असं गेलं, की बाप ओटीवर बसलेला, नवरा अंगणात उभा, आणि त्या पाण्याचा तांब्या घेऊन मधल्या पायरीवर.

निवृत्त व्हायला वर्ष राहिलं असताना मालकांना गाडी सापडली. घाटावरच्या एका जुन्या बंगल्यात एक म्हाताऱ्या बाई एकट्या राहत. त्यांच्या सासऱ्यांनी फार पूर्वी, आमचे आजोबा लंगोटीत फिरत असतील त्या काळात, परदेशातून विजेवर चालणारी मोटार मागवली होती. पेट्रोल नाही, धूर नाही, आवाज नाही. ती मोटार आता गॅरेजात होती आणि तिच्यात कोंबड्या होत्या. मालकांनी ती बघितली आणि म्हणे टोपी काढली. बाईंनी एकाच अटीवर गाडी दिली, की तिला पेट्रोलचं इंजिन बसवून तिची अब्रू घ्यायची नाही. मालक म्हणाले, बाई, मी पेट्रोलचा वाससुद्धा घेत नाही. मग ती मोटार ट्रकवर चढून घाट उतरली, आणि दार उघडल्यावर आधी एक कोंबडी उतरली. ती अंड्यांवर बसली होती म्हणून तिला उठवायचं कुणाच्या जिवावर आलं नव्हतं. त्या कोंबडीचा वंश गावात अजून आहे.

गाडी म्हणजे चाकांवर ठेवलेली एक लहानशी बैठकीची खोली होती. उंच, चौकोनी, चहूबाजूंनी काचा, आत समोरासमोर बसायच्या गाद्या. चालवायला गोल चाक नव्हतं, होडीच्या सुकाणूसारखा एक दांडा होता. भोंग्याऐवजी पायानं वाजवायची घंटा. आणि दाराजवळ फुलं ठेवायला काचेची एक बारीक फुलदाणी, जिला इतक्या वर्षांत साधा तडाही गेला नव्हता. गाडी कुठं ठेवायची हा प्रश्न निघाला, आणि जागा एकच होती, माझी पडवी. मी पेटी उचलून दारात उभा राहिलो. मालक माझ्याकडं बघून म्हणाले, "परांडा, तुझी खाट गाडीच्या अलीकडं लावायची का पलीकडं, येवढंच सांग." मी पलीकडं म्हणालो. म्हणजे भिंतीकडं.

पुढची तीन वर्षं मालकांनी त्या गाडीची जी सेवा केली ती एखाद्या देवाची केली असती तर देवालाच संकोच झाला असता. निरोपाच्या समारंभात त्यांनी शाल-श्रीफळाला हात जोडले आणि त्याऐवजी बॅटरीच्या खोलीतले टाकून द्यायला काढलेले चोवीस सेल मागून घेतले. गादीतला घोड्याच्या केसांचा भरणा उंदरांनी नेला होता, तिथं काथ्या आला. लाकडी सांगाडा वाळवीनं खाल्ला होता, तो गावच्या सुतारानं सागाचा करून दिला. सुताराचा हात बैलगाड्यांवर बसलेला, त्यामुळं विदेशी मोटारीची मागची बाजू थोडी धमणीसारखी, म्हणजे छपराच्या बैलगाडीसारखी, दिसायला लागली. मोटरचे कार्बन ब्रश मालकांनी कानशीनं घासून घासून स्वतः घडवले. रोज चोवीस सेलांत नळी बुडवायची आणि आकडे पडवीच्या चुन्याच्या भिंतीवर कोळशानं लिहायचे: तारीख, ग्रॅव्हिटी, कुठलं पाणी घातलं, शेरा. सगळं इंग्रजी अक्षरांत, कारण पॉवर हाऊसची तशी शिस्त. मला त्यातलं एक अक्षर कळत नसे. मराठीत का नाही, असं काकींनी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ॲसिडला मराठी समजत नाय." दिवाळीला आख्खं घर चुन्यानं पांढरं व्हायचं, ती एक भिंत सोडून.

सेलांना पाजायचं पाणी हे आणखी एक प्रकरण होतं. बाटलीतलं शुद्ध पाणी परवडायचं नाही, म्हणून श्रावणात मालक अंगणात चार बांबूंना पांढरं धोतर बांधून पावसाचं पाणी धरत. पहिल्या दोन महिन्यांचं नाही, कारण तेव्हा हवा धुतलेली नसते. ते पाणी काचेच्या मोठ्या बुधल्यांत भरून, तोंडाला फडकं बांधून, ओळीनं पडवीत ठेवायचं, आणि प्रत्येक बुधल्यावर पाणी जिथवर आहे तिथं कागदाची पट्टी चिकटवायची. घरात कुणी त्या पाण्याला हात लावायचा नाही. एकदा एका पाहुण्यानं तांब्या बुडवायला घेतला तर मालक धावत आले. "ते पिणाऱ्यांचं पाणी हाय," म्हणाले, "आपलं नाय."

सरकारनं मात्र ही गाडी गाडी आहे हे कधी मान्य केलं नाही. नंबर घ्यायला मालक कागद घेऊन ज्या कचेरीत गेले तिचं नाव मी सांगत नाही. तिथला कारकून सज्जन होता, पण फॉर्मपुढं त्याचं काही चालत नव्हतं. फॉर्मात 'इंजिनाचा नंबर' असा रकाना होता. मालकांनी तिथं लिहिलं, इंजिन नाही. कारकून म्हणाला, इंजिन नाही तर ही मोटार नाही. मालक म्हणाले, मोटार नाही तर नंबर नको, मग चालवतो. कारकून म्हणाला, नंबराशिवाय मोटार चालवता येणार नाही. मालक म्हणाले, पण ती मोटार नाही ना? असे ते दोघं जेवणाच्या सुट्टीपर्यंत गोल फिरले. शेवटी कारकुनालाच दया आली. चार चाकं आहेत, इंजिन नाही, मागची बाजू धमणीसारखी, म्हणजे ही बैलगाडी आहे, असा त्यानं सल्ला दिला. ग्रामपंचायतीनं तो मानला. परदेशातून आलेल्या त्या राजस मोटारीच्या कपाळावर बैलगाडीचा पितळी बिल्ला ठोकण्यात आला आणि ती कायदेशीर झाली.

राहता राहिली वीज. गावात एकच यंत्र होतं, भाताच्या गिरणीचं ऑइल इंजिन. गिरणीवाला मालकांचा बालमित्र, अंगानं आडवा, तोंडानं फटकळ. मालकांनी भंगारातला एक डायनामो आणून त्याच्या पट्ट्याला जोडला. पट्टा फिरला की तिकडं भात भरडायचं आणि इकडं सेल भरायचे. म्हणजे विजेची गाडी शेवटी चालायची डिझेलवर, असं मी एकदा चुकून बोललो. मालक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, डिझेलवर नाही, भातावर. गावाला हे फार पटलं. सुगीत ज्यांचं ज्यांचं भात भरडलं जाई ते सगळे गाडीचे भागीदार झाले. गाडी आवाज न करता, नुसती घंटा वाजवत, खाचराच्या कडेनं गेली की बांधावरचा माणूस शेजाऱ्याला सांगे, "ती चालली ना, ती माजी दोन खंडी जया भात हाय." आणि गाडी अडली की गिरणीवाला म्हणे, "कोनी वांझोटं भात आनलं होतं रं?"

असं सगळं जमत आलेलं असताना खालापुराहून सांगावा आला. काकींच्या भावाच्या मुलीचं लग्न, माघातला मुहूर्त. काकींचे वडील आता ऐंशीच्या पुढं गेले होते, दिसायचंही कमी झालं होतं. यंदा नाही तर ते आणि मालक एका बैठकीवर पुन्हा कधी बसणार नाहीत, हे काकींनी बोलून दाखवलं नाही, पण त्या दिवसापासून त्या गाडीकडं बघायला लागल्या. तोवर त्यांनी तिला कधी मान दिला नव्हता. आता त्या येता-जाता तिच्या काचा पदरानं पुसत.

आणि इथं माझ्या हातून ते घडलं.

खंडेनवमीचा दिवस. गावात सगळे नांगर, कोयते, चाकं धुऊन पुजत होते. कारखान्याला सुट्टी. मालक कसल्याशा स्क्रूसाठी कर्जतला गेलेले. मला वाटलं, या घरानं आपल्यासाठी इतकं केलं, आज आपण गाडीची सेवा करावी. मी गाडी धुतली, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ बांधली. मग सेलांकडं लक्ष गेलं. पाणी थोडं उतरलेलं दिसत होतं. बुधल्यांकडं बघितलं, तर ते श्रावणातलं पाणी, दोन महिन्यांचं शिळं. आमच्या परांड्याकडं पाणी नसतं, पण सणाच्या दिवशी बैलालासुद्धा ताजं पाणी पाजतात. त्यासाठी दोन कोस जावं लागलं तरी जातात. आणि इथं तर देवळाजवळची गोड्या पाण्याची विहीर काठोकाठ भरलेली. मी दोन हंडे शेंदले, फडक्यानं गाळले, आणि चोवीसच्या चोवीस सेल गळ्यापर्यंत भरले. दोन-तीन तर वरून वाहिले. मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी मालक आले. माळ बघून हसले. मग नळी घेऊन आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आल्यावर त्यांनी फक्त विचारलं, जेवलास का. मी म्हणालो, जेवलो. ते म्हणाले, "बरं केलंस." आणि पायात वहाणा घालून गिरणीकडं गेले.

विहिरीचं पाणी सेलांना विष असतं हे मला दहा दिवसांनी कारखान्यातल्या एका वायरमननं सहज बोलता बोलता सांगितलं. त्यात क्षार असतात, त्यानं भरलेली वीज आपोआप झिरपून जाते, प्लेटा खराब होतात. घरी येऊन सांगून टाकायचं असं मी रोज ठरवायचो आणि रोज पेटीला कुलूप लावून झोपायचो. भिंतीवरचे आकडे तेवढे मला कळायचे. बाराशे पन्नासचे बाराशे तीस झाले, बाराशे दहा झाले. दिवसभर गिरणीवर सेल भरावेत आणि सकाळी निम्मे रिकामे असावेत. मालक गिरणीवाल्यावर तुटून पडायला लागले. पट्टा सैल आहे, इंजिन मार खातंय, डायनामोला भुसा लागतोय. रस्त्यात, चावडीवर, दिसेल तिथं शिव्या. आणि तो फटकळ माणूस, ज्याला साधं 'गिरण बंद का' विचारलं तरी चालायचं नाही, तो मान खाली घालून ऐकायचा. पट्टा घट्ट करतो म्हणायचा. माझ्यामुळं एक निरपराध माणूस शिव्या खातोय हे मी रोज बघत होतो. तरी मी बोललो नाही. हे लिहितानाही लाज वाटते.

लग्नाच्या दिवशी मालकांनी धुतलेलं धोतर, काळा कोट, पॉवर हाऊसची जुनी टोपी असा पोशाख केला. काकी शालू नेसून आत समोरच्या गादीवर बसल्या. फुलदाणीत अबोलीचा गजरा. मी पायरीवर उभा. मागून गिरणीवाला आहेराची भांडी घेऊन बैलगाडीनं. त्याची बैलगाडी कशाला, असं काकींनी विचारलं. भांडी गाडीत मावत नाहीत असं मालकांनी सांगितलं. पहिले दोन कोस गाडी राजासारखी गेली. माणसं रस्त्याला आली, पोरं मागं धावली, म्हशींनी वाट दिली. मग चढ आला, आणि घंटेचा आवाज तेवढाच राहिला. उतारावर गाडी जरा सावरायची. खोपोली मागं पडेपर्यंत गिरणीवाल्याचे बैल दोनदा आमच्या पुढं गेले आणि भिडेनं थांबले. आणि साजगावात, नेमकी माझ्या कारखान्याच्या फाटकासमोर, पाळी सुटायच्या वेळेला, गाडी उभी राहिली ती राहिलीच.

दोनशे माणसं भोवती. माझा फोरमन त्यात. मालक सुकाणूचा दांडा धरून समोर बघत बसले होते. काकींनी काचेतून बापाच्या गावाच्या दिशेनं एकदा बघितलं आणि नजर खाली घेतली. मी पायरीवरून उतरलो, मालकांपाशी गेलो आणि म्हणालो, "मालक, माझ्यानं..." त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "परांडा," म्हणाले, "जू धर." गिरणीवाल्यानं बैल सोडून आणलेच होते. त्याची गाडी झाडाखाली लागली, भांडी मोटारीत मावली, बरीच जागा उरली. बैल जुंपले आणि आम्ही निघालो. मालक दांडा वळवत होते, घंटा वाजवत होते. खालापूरच्या वेशीवर हवालदारानं अडवलं, समोरचा पितळी बिल्ला वाचला, बैलांकडं बघितलं आणि सलाम ठोकून सोडून दिलं. कागदाप्रमाणे ती गाडी त्या दिवशी पहिल्यांदाच बरोबर चालत होती.

सासऱ्यांच्या अंगणात आम्ही असे पोचलो. म्हातारा ओटीवर बसलेला. डोळे किलकिले करून त्यानं बराच वेळ बघितलं.

"बैल तर माज्याच गोठ्यातलं," तो म्हणाला. गिरणीवाल्यानं ती जोडी त्याच्याकडूनच घेतली होती. "मागं काय बांधलंय?"

काकी म्हणाल्या, "आबा, आमची गाडी हाय. विजेची."

"मग वीज कुठं हाय?"

मांडवातली डोकी मालकांकडं वळली. तीस वर्षांपूर्वी हसलेले त्यातले निम्मे तरी तिथं होते. मालक खाली उतरले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "मुंबईला गेली."

आधी म्हातारा हसला. मग त्याला ठसका लागला, मग तो पुन्हा हसला, आणि मग मांडव हसला, पण हे हसणं वेगळं होतं, कारण अंगणातल्या प्रत्येकाच्या डोक्यावरून त्या तारा गेलेल्या होत्या. मालक मात्र नेहमीच्या जागी, अंगणात, गाडीला टेकून उभे राहिले. ओटीवर या म्हणायला मेहुणा आला. ते म्हणाले, एस.टी.ची वेळ होतेय. काकी मधल्या पायरीवर उभ्या होत्या. हातात तांब्या.

तेव्हा म्हातारा म्हणाला, "मला खाली घे गं." दोघांनी धरून त्याला उतरवलं. तो चाचपडत गाडीपाशी आला, आत चढला, गादी दाबून बघितली, काचेवरून हात फिरवला. फुलदाणी हाताला लागली तेव्हा तिथं जरा थांबला. पाय घंटेवर पडला, ती वाजली, तो दचकला आणि मग त्यानं ती मुद्दाम आणखी दोनदा वाजवली. मग दार उघडं धरून म्हणाला, "जावयबापू, आत या. भायेर ऊन हाय."

पाणक्या नाही, जावयबापू. मालकांनी टोपी काढली. मग आत जाऊन समोरच्या गादीवर बसले. अख्खं लग्न लागलं, पंगती उठल्या, ते दोघं त्या काचेच्या खोलीत समोरासमोर बसून होते. ताटं तिथंच गेली. म्हाताऱ्यानं पाणी मागितलं तेव्हा काकी पायरी उतरून गेल्या आणि परत आल्याच नाहीत; त्याही आत बसल्या. मी लांब उभा राहून बघत होतो. आनंद मला झालाच, पण त्याच्या खाली ते चोवीस सेल होते.

त्यानंतर ती गाडी कधी स्वतःच्या पायावर चालली नाही. नवे सेल मालकांना जमले नाहीत, आणि पुढं जमवायची घाईही दिसली नाही. काही वर्षांनी गावात वीज आली. पहिला दिवा कुठं लावायचा असं वायरमननं विचारलं तेव्हा मालकांनी पडवीकडं बोट दाखवलं. गाडीच्या आत, छताला, दिवा लागला. घरात नंतर. संध्याकाळी ते गाडीत बसून पेपर वाचत आणि मध्येच वर तारांकडं बघून म्हणत, "थोडी आपल्याकडं पण उतरली."

तोवर माझं लग्न झालं होतं, साजगावातच खोली मिळाली होती. कारखान्यातल्या मशिनांवरची नावं वाचता वाचता इंग्रजी अक्षरंही लागायला लागली होती. मालक गेल्याचं कळलं तेव्हा मी गेलो, आणि तेराव्यालाही गेलो. पंगत उठल्यावर गिरणीवाला माझ्याशेजारी ओट्यावर येऊन बसला. मी त्याला म्हणालो, मामा, तुम्ही त्या वर्षी माझ्यापायी फार शिव्या खाल्ल्या. पाणी मी घातलं होतं.

"म्हाईत हाय," तो म्हणाला. "त्या खंडेनवमीच्या सांच्यालाच आला होता माज्याकडं. बुधल्यातलं पानी पट्टीला जागच्या जागी आन सेल भरून वाहतात, मंग त्याला काय कलनार नाय? म्हनला, परांड्यानं मायेनं घातलंय रं. आता मी तुला शिव्या देनार, तू उलटून बोलू नको. न्हायतर तो पेटी उचलून जाईल." मग तंबाखू चोळत म्हणाला, "आन लग्नाला बैल घेऊन मागं कशाला आलो मी? भांडी न्यायला?"

मी उठून पडवीत गेलो. भिंत तशीच होती. त्या तारखा शोधायला वेळ लागला. पाण्याच्या रकान्यात ओळीनं एकच इंग्रजी अक्षर, पावसाच्या पाण्याचं, दिवसामागून दिवस, वर्षामागून वर्ष. खंडेनवमीला मात्र तिथं इंग्रजी अक्षरांत एक मराठी शब्द लिहिला होता. सणाचं. शेऱ्याचा रकाना कोरा.

निघताना काकींनी शेवटचा बुधला पुढं केला. कागदाच्या पट्टीपर्यंत भरलेला. म्हणाल्या, याचं आता काय करू, सांडवत नाय. मी तो मांडीवर घेऊन एस.टी.त बसलो. पुढच्या बाकावरचा प्रवासी तहानलेला होता, बुधल्याकडं बघून त्यानं विचारलं, "पिण्याचं हाय का?"

मी म्हणालो, हाय. पण आपलं नाय.